श्वास घेतला की गाठही हालते
मोठ्या बाबांच्या फुफ्फुसात गाठ निघाली, नागपूरला रेडिएशन ठरलं, आणि तेव्हापासून गावात जो भेटेल तो एकच सांगतो, शेक देऊ नका बाप्पा, चांगलं फुफ्फुसपण जळून जाते.

भीती अगदीच खोटी नाही. शेक संपल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी फुफ्फुसाला सूज येऊ शकते, कोरडा खोकला, दम लागणं वगैरे. म्हणून सहा आठवड्यांच्या नेहमीच्या ट्रीटमेंटमध्ये २० ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप) किंवा जास्त डोस फुफ्फुसाच्या किती भागाला जातो ते मोजतात आणि तो भाग साधारण ३०-३५ टक्क्यांच्या आत ठेवायला बघतात.

पण खरा घोळ असा की गाठ एका जागी राहतच नाही. वर खांद्याकडं असली तर कमी हालते, खाली श्वासपटलाजवळ असली तर दर श्वासाला सेंटीमीटरभर, कधी त्याहून जास्त खालीवर. साध्या सीटीत हे नीट कळत नाही, मग गाठ निसटू नये म्हणून चहूकडून अंदाजानं जागा वाढवून धरा, आणि ती वाढीव जागा म्हणजे चांगलं फुफ्फुसच ना.

फोर-डी सीटीत, म्हणजे श्वासासोबत गाठ कशी हालते ते दाखवणाऱ्या सीटीत, हा अंदाज जाते. पोटावर छोटी डबी ठेवली, कॅमेरा तिच्यावर, श्वासासोबत डबी वरखाली अन् तिकडं स्क्रीनवर लाट. एका श्वासाचे बहुतेक १० टप्पे पाडतात, प्रत्येकाचे फोटो वेगळे. मोठे बाबा म्हणे, "मी तं हाललोच नाही, मंग हे काऊन हालते?"

अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टच्या, म्हणजे किरणांचं मोजमाप बघणाऱ्या तज्ज्ञांच्या, संघटनेनं २००६ मध्येच सांगून ठेवलं आहे की गाठ ५ मिलीमीटरच्या वर हालत असेल तर बंदोबस्त करा. एक म्हणजे श्वास रोखून धरायचा, पण जन्मभर बिडी ओढलेल्या माणसाला ते कुठं जमते, आमच्याकडं तर दोन मिनिटांत खोकला सुरू. दुसरं गेटिंग, म्हणजे गाठ ठरलेल्या जागी आली की तेवढ्यापुरताच बीम, म्हणजे किरणांचा झोत, चालू. नाहीतर गाठीचा पूर्ण फेरा मोजून तेवढीच जागा धरायची, आमचं हेच ठरलं. ती जागा गाठीपेक्षा मोठीच असते, पण मोजलेली असते हो.

श्वास वेडावाकडा असला तर फोटो फाटल्यासारखे येतात, म्हणून स्कॅनच्या आधी घरी बाजेवर पडून एकसारखा श्वास घ्यायची सवय करा, खोकला असेल तर आधीच सांगा. आणि गाठ किती मिलीमीटर हालते हे डॉक्टरले विचाराच, लाजू नका. आमची ११ निघाली.