नऊ वर्षं खेळलो, त्याचा कागद

२०२३ च्या मे-जूनमध्ये मी एकाच कार्यालयात सहा खेपा घातल्या. मागणं एका ओळीचं होतं. हा अमुक सालापासून अमुक सालापर्यंत व्यावसायिक फुटबॉल खेळला, एवढं लिहायचं आणि खाली शिक्का मारायचा. तो कागद मला मिळाला नाही. अजूनही आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहितोय. खेळ सोडून कॉमेंट्रीकडे वळू पाहणाऱ्या पोरांना यातलं काही कामाला आलं तर बरंच.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला. पोलो ग्राउंडवर चेंडू मारायला शिकलो, पुढे नऊ वर्षं पैसे घेऊन खेळलो, बरीचशी आय-लीग या देशपातळीवरच्या स्पर्धेच्या दुसऱ्या श्रेणीत, सेंटर बॅक म्हणजे बचावाच्या मधोमध उभा राहणारा म्हणून. २०२० मध्ये एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरणारा आतला स्नायुबंध, फाटला. ऑपरेशन झालं, पण वळताना पायावर जो भरवसा लागतो तो परत आला नाही. आमचं शहर क्रिकेटचं. इथल्या खेळाडूने माइक धरला म्हटलं की लोकांना इरफान पठाण आठवतो. फुटबॉलवाल्याने कुठून सुरुवात करायची, हे सांगणारं आसपास कोणी नव्हतं.

नमुन्याची टेप मी घरीच केली. २०२२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना लावायचा, आवाज बंद करायचा आणि फोनवर स्वतःला रेकॉर्ड करायचं. ८० व्या मिनिटाला फ्रान्सच्या एम्बापेची पेनल्टी, पुढच्याच मिनिटाला त्याची ती व्हॉली, चेंडू हवेत असतानाच मारलेली. सुरुवातीला मी त्या व्हॉलीवरच ओरडत होतो. रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं की हे तर बघणाऱ्याला दिसतंच आहे. बचावात उभा राहणारा माणूस आधी बघतो ते हे, की चेंडू आपल्याकडून गमावला कुठे. फ्रान्सच्याच कोमानने अर्जेंटिनाच्या मेस्सीच्या पायातून चेंडू काढला, तो गोल तिथेच सुरू झाला होता. तिथून बोलायला लागलो तेव्हा टेप ऐकण्यासारखी झाली. काय झालं ते मुख्य समालोचक सांगतो, का झालं ते आपण सांगायचं, तेही चेंडू थांबलेला असताना किंवा रिप्ले चालू असताना. चेंडू बॉक्सजवळ आला की आपलं तोंड बंद.

सामने दाखवणाऱ्यांना टेप पाठवली, त्यांनी मुंबईला बोलावलं, हिंदीतून चाचणी झाली, पसंत पडली. मग ईमेल आली. पॅन, रद्द केलेला चेक, आणि पडद्यावर 'माजी व्यावसायिक खेळाडू' असं लिहायचं असल्यामुळे तसा पुरावा. मागणं रास्त होतं.

माझा शेवटचा क्लब बंद पडलेला. मॅनेजरचा फोन लागेना. म्हणून त्या कार्यालयात गेलो. नाव लिहीत नाही.

टेबलामागच्या भाईंनी अर्ज वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली आणि परत दिला. "क्लबच्या लेटरहेडवर आणा." क्लब बंद झालाय, म्हटलं. "मग बंद झाल्याचं पत्र आणा." कोणाकडून? "क्लबकडून." दुसऱ्या खेपेला साहेब नव्हते. तिसऱ्या खेपेला साहेब होते, पण ज्या बाईंकडे कपाटाची किल्ली त्या रजेवर. "सोमवारे आवजो." सोमवारी गेलो, ती चौथी खेप. जर्सी, संघाचे फोटो आणि वर्तमानपत्रांची कात्रणं घेऊन गेलो होतो. पावसाचं वातावरण म्हणून आईने कात्रणं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून दिली होती. भाईंनी संघाचा फोटो पुढे ओढला. "यात तुम्ही कोण?" मागच्या रांगेत, डावीकडून तिसरा. मी बोट ठेवून दाखवलं. त्यांनी फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पण इथे नाव कुठे लिहिलंय?"

मला उत्तर सुचलं नाही. पँट वर करून गुडघ्यावरचा व्रण दाखवावा असं क्षणभर वाटलं. कात्रणं एकेक करून पिशवीत भरली, रबर लावलं आणि बाहेर आलो. सूरसागर तलावाच्या कट्ट्यावर किती वेळ बसलो होतो कोण जाणे. नऊ वर्षं मी कुठे होतो हे मला ठाऊक, माझ्या आईला ठाऊक, आणि तिथल्या रजिस्टरात त्याची एक ओळ नाही. हार-जीत आम्ही खूप पाहिली, पण असं कधी वाटलं नव्हतं.

पाचव्या खेपेला माझा आवाज चढला. त्यानंतर अर्ज जागचा हलेना. सहाव्या खेपेला कळलं की अर्जाची नोंदच झालेली नाही. तुम्ही कुठेही अर्ज द्याल तेव्हा आवक क्रमांक घ्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मी पहिल्याच दिवशी हे करायला हवं होतं. तिकडे मुंबईहून दर तीन-चार दिवसांनी विचारणा होत होती आणि दरवेळी मी 'या आठवड्यात नक्की' म्हणत होतो.

सुटका केली मामाने. रावपुऱ्यात तो लोकांचे रिटर्न भरतो. माझी कहाणी ऐकून म्हणाला, "अरे, क्लब तुझा टीडीएस कापायचा ना? मग २६एएस काढ की!"

त्याच रात्री आयकराच्या पोर्टलवर गेलो. फॉर्म २६एएस प्रत्येक आर्थिक वर्षाचा वेगळा निघतो. कर कोणी कापला त्याचं नाव, त्याचा टॅन म्हणजे कर कापणाऱ्याचा क्रमांक, रक्कम, तारीख, सगळं त्यात असतं. बंद पडलेल्या क्लबचं नाव पडद्यावर दिसलं आणि मी आईला झोपेतून उठवून दाखवलं. त्या प्रती, पगार जमा झालेले बँकेचे उतारे आणि जुने करार एकत्र करून पाठवले. दुसऱ्या दिवशी दुपारी मंजुरी आली. सहा खेपांचं काम घरबसल्या झालं, म्हणून सांगतो, खेळत असतानाच हे सगळं दरवर्षी काढून ठेवा. करारावर दोघांच्याही सह्या असलेली प्रत मागून घ्या. आमच्यातले बरेच जण ती मागतच नाहीत.

नावाचंही बघा. गुजरातेत आडनाव आधी लिहितात. माझ्या जुन्या करारांवर आडनाव आधी होतं, पॅनवर शेवटी. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्यावं लागलं. आणि पैसे हातात येतात ते १० टक्के टीडीएस कापून, हिशेब तसाच धरा.

पहिला सामना. मैदान दुसऱ्या शहरात, आम्ही मुंबईच्या स्टुडिओत पडद्यासमोर. कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे बचावाची शेवटची ओळ दिसतच नाही, आणि मला तर तेवढंच बघायचं असतं. मध्यंतरात निर्मात्याला सांगितलं, तेव्हा त्याने दुसऱ्या अर्ध्यात रुंद कोनातले रिप्ले द्यायला सुरुवात केली. मागितलं तर देतात. कानात त्याचा आवाज आणि तोंडात आपलं वाक्य, ही सवय व्हायला मला तीन सामने लागले. समालोचकाने माझं नाव घेतलं, पुढे 'पूर्व पेशेवर फुटबॉलर' म्हणाला, तेव्हा माझा घसा दाटून आला. माइकशेजारी एक बटण असतं, ते दाबून धरलं की आपला आवाज बाहेर जात नाही. खोकल्यासाठी असतं ते. पहिल्या दिवशी आत गेल्या गेल्या ते कुठे आहे हे विचारून घ्या.