आत्यानं पुसलेलं मी परत का काढलं

लग्नात विचारतात, बाराव्याला विचारतात, रात्री अकराला व्हॉट्सॲपवरही विचारतात. गंमत म्हणजे माझे चित्रकार मित्रही हेच विचारतात आणि शब्दसुद्धा जवळपास तेच असतात. "आत्यानं पुसलं होतं ना, मग तू परत कशाला काढलंस?" नातेवाइकांना म्हणायचं असतं की एवढी म्हातारी बाई स्वतःच्या हातानं पुसून गेली, निदान तेवढ्यावर तरी थांबायचं. मित्रांना म्हणायचं असतं की ते पुसलेलंच खरं काम होतं आणि मी ते घालवलं. दोघांना दोन उत्तरं देऊन मी कंटाळले. आता एकदाच काय ते सगळ्यांना मिळून सांगते.

ज्यांना काहीच ठाऊक नाही त्यांच्यापुरतं आधी थोडं. एम.एफ.ए.च्या शेवटच्या वर्षी आमच्या कॉलेजात पदव्युत्तरच्या मुलांचं प्रदर्शन भरलं, फक्त ड्रॉइंग्जचं. रंग नाही, कॅनव्हास नाही. माझ्या वाट्याच्या भिंतीवर अण्णा होते, माझे वडील. अर्धांगवायूनंतर विट्याच्या घरी माजघरात पडून असलेले अण्णा. प्रदर्शनाच्या वेळी ते जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यातल्या एका चित्रातलं त्यांचं तोंड आत्यानं पुसलं, ते मी परत काढलं. बाकीचं तुम्हाला माहीतच आहे.

काढलीच का, यावर मी फार बोलणार नाही. रात्रीची पाळी माझी असायची. जागं राहायचं तर हाताला काहीतरी लागतं. दुसऱ्या कुणी स्वेटर विणला असता, मी कागद घेऊन बसले. आई आधी काही बोलली नाही, मग एके रात्री तिनं आपणहून दिव्याचं तोंड माझ्याकडे वळवून दिलं. हे मी दर वेळी सांगते. आईला साक्षीला उभं करायची माझी खोड जुनीच आहे. प्रदर्शनाला ती आली नाही, हे मात्र मी सहसा सांगत नाही.

एका काकांचं म्हणणं, आठवणीनं काढायचं होतंस, चांगले हिंडते-फिरते असतानाचे. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला स्मरणचित्र असतं ना, तसं. त्या पेपरासाठी मी एसटी स्टँड इतक्या वेळा काढला होता की अण्णांनी, म्हणजे खऱ्या कंडक्टरनं, शेवटी वैतागून सांगितलं होतं, बाई, कंडक्टर असा हवेत पंच धरून उभा राहत नाही. काका, मी प्रयत्न केला. आठवणीनं काढायला बसलं की हॉलमधल्या फोटोतले अण्णा येतात, खांदे ताठ केलेले. तो फोटो तुमच्याकडे आहेच.

आणखी एक गोष्ट मला लागते. माझ्या शेजारच्या भिंतीवर माझ्या वर्गमित्राची ड्रॉइंग्ज होती. कॉलेजात मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका आजोबांची, उघड्या अंगाची, बरगड्या मोजता येतील अशी. दात त्यांनाही नव्हते. आपल्याकडचे पंधरा-वीस लोक त्या भिंतीवरून पुढे आले. हे कुणाचे अण्णा, असं एकानंही विचारलं नाही. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमननं 1919 च्या सुमाराला नग्न मॉडेल बसवून शिकवायला सुरुवात केली. तेव्हापासून आपल्याकडच्या चित्रकारांचा हात कुणाच्या तरी आईबापांच्या अंगावरच तयार झालेला आहे. ते चालतं.

आता याला माझ्याचकडे उत्तर आहे, ते मीच देते. वर्गातला मॉडेल "पाय भरून आला" म्हणतो आणि पोझ मोडते. त्याला दिवसाचे पैसे मिळतात. उद्या येत नाही, असं तो सांगू शकतो. अण्णांची वाचा गेली होती. एका रात्री मी काढत असताना त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. कूस बदलली की नको म्हणाले, मला ठरवता आलं नाही. मी मानेचं चित्र काढलं. तेही भिंतीवर होतं. त्याबद्दल मला आजवर कुणीच विचारलेलं नाही.

तर आत्या.

ती चुलतभावाबरोबर गावाहून थेट आली. गॅलरीच्या दाराशी चपला काढल्या. शिपाई म्हणाला, आजी, असू द्या पायात. तिनं ऐकलं नाही. चित्रं काचेखाली नव्हती. फ्रेमचे पैसे नव्हते हे एक, आणि काचेत ट्यूबलाइट दिसते हे दुसरं. कागद नुसते क्लिपांना लटकवले होते. आत्या प्रत्येक कागदाशी थांबत आली. हात दाखवून म्हणाली, "अंगठा बराबर आलाय." मी खूश झाले. मग ती मोठ्या कागदापुढे आली.

त्यात अण्णा उताणे आहेत, मान मागे पडलेली, तोंड उघडं. कागदावरचा सगळ्यात गडद काळा त्या तोंडात आहे. आमच्या सरांनी अगदी सुरुवातीला सांगितलं होतं, नजर कुठे न्यायची ते ठरव आणि डार्क तिथेच ठेव. बाकी सगळं साध्या चारकोलनं केलेलं. त्यावर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदाला धरून ठेवणारा फवारा, मारून झाल्यावर तोंडापुरता कॉम्प्रेस्ड चारकोल, दाबून केलेला जास्त काळा कोळसा, घातला होता, आणि वर परत फवारलं नव्हतं, कारण फिक्सेटिव्हनं काळ्याचा मखमलीपणा जातो. आत्याची नजर जिथे जायला हवी तिथेच गेली.

"कवळी कुठाय त्याची?"

दूधवाल्यापुढेसुद्धा अण्णा कवळी लावल्याशिवाय गेले नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. मी म्हटलं, डॉक्टरांनी काढून ठेवायला सांगितली होती, घशात जाईल म्हणून.

"मग त्वांड तरी मिटवायचं हुतंस गं त्याचं."

मी काय बोलले ते आठवत नाही. काहीच बोलले नसेन. तिनं पदराचं टोक जिभेला लावलं, शाळेत जाणाऱ्या पोराचं तोंड पुसतात तसं, आणि कागदावरून दोनदा फिरवलं. मुलं ओरडली, "आजी, अहो आजी, हात नका लावू!" ती दचकली. पदर बघितला, काळा झाला होता. चित्राकडे बघून म्हणाली, "आता बरं दिसतंय." नंतर खाली कँटीनमध्ये तिनं चहा घेतला, माझ्या रूमचं भाडं किती ते विचारलं आणि पाचच्या गाडीनं गेली. रडत गेली, ही जोड तुमची. ती रडली नाही.

तिला बरं दिसलं ते मला कसं दिसलं, तेही ऐका. नाकाखालपासून हनुवटीपर्यंत करडा डाग. ओलं लागल्यानं कागदाचे तंतू उठलेले. अण्णांच्या तोंडात कुणीतरी फडकं कोंबलंय असं वाटत होतं. तोंड मिटलेलं नव्हतं, गेलंच होतं.

संध्याकाळी गॅलरी बंद झाल्यावर मी कागद उतरवून फरशीवर घेतला. मऊ रबरानं गालावरचं करडं उचललं, हनुवटीची कड परत शोधली. मग तोंड. तंतू उठलेल्या जागी कोळसा जास्तच धरतो, त्यामुळे ते आधीपेक्षा काळं झालं, थोडं मोठंही. दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक त्याच कागदापुढे सगळ्यात जास्त वेळ थांबले. मार्क चांगले पडले. हे लपवून काय करू?

आता मित्रांसाठी. तुम्ही प्रत्येक वेळी मला तो अमेरिकन चित्रकार रॉशेनबर्ग ऐकवता. 1953 साली त्यानं डी कूनिंग या नावाजलेल्या चित्रकाराचं एक ड्रॉइंग खोडलं, खाली जॅस्पर जॉन्स या दुसऱ्या चित्रकाराकडून रीतसर नाव लिहून घेतलं आणि ते कलेच्या इतिहासात गेलं. पण त्यानं डी कूनिंगकडे ते मागून घेतलं होतं. डी कूनिंगनं मुद्दाम खोडायला अवघड असलेलं निवडून दिलं होतं. दोघांनाही आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक होतं. माझी आत्या भावाचं तोंड पुसत होती. तो डाग ठेवून त्याखाली मी काय लिहायचं होतं? 'कागदावर चारकोल आणि थुंकी'? अण्णांना आधीच लटकवलं होतं, वर तिलाही लटकवायचं? तुम्हाला तेच आवडलं असतं, मला माहीत आहे. कधीकधी रात्री मलाही ते आवडतं, आणि मग मी उठून दिवा लावते.

त्या वेळची मी ठणकावून सांगायची, दिसलं तसं काढलं. तिच्याशी माझं अलीकडे पटत नाही. पलंगाला लघवीची पिशवी टांगलेली होती, ती कुठल्याच कागदावर नाही. रचनेत बसत नव्हती. उशाशी औषधांचं खोकं होतं, भिंतीवर बँकेचं कॅलेंडर होतं, तेही नाही. पिशवी वगळता येते तर तोंडही मिटवता आलं असतं. काका, हा मुद्दा तुम्हाला सुचला नाही, मी देते आहे.

पण त्या वेळच्या 'मी'ची बाजूही पूर्ण सोडवत नाही. पिशवीशिवाय चित्र उभं राहत होतं. तोंड मिटलं असतं तर नुसता झोपलेला म्हातारा उरला असता. आणि रात्र-रात्र मी दुसरीकडे बघितलंच कुठे? घरघर थांबली की पेन्सिल थांबायची, परत सुरू झाली की परत. मिटलेलं तोंड मी पाहिलं ते नंतर, हनुवटीखालून पट्टी बांधलेलं. आत्या तेव्हा पोहोचली नव्हती.

हे ऐकून दोन-तीन जणांचे डोळे भरून आले आहेत, म्हणून स्पष्ट सांगते, हे उत्तर मला फार उशिरा सुचलं. फरशीवर बसून कोळसा घासत होते तेव्हा यातलं काही डोक्यात नव्हतं. सकाळी परीक्षक येणार आहेत आणि भिंतीवर मोठा कागद नसेल तर बाकीचे उघडे पडतील, एवढंच होतं. अण्णांसाठी केलं, असं मी म्हणणार नाही. मार्कांसाठी केलं, असं तुम्ही म्हणालात तर भांडेन.

सध्याची बातमी अशी की एका ग्रुप शोसाठी तीच ड्रॉइंग्ज मागितली आहेत, या वेळी काचेखाली. मी अजून होकार दिलेला नाही. दिला तर मोठा कागद जाईल की नाही, तेही ठरलेलं नाही. मानेचा बहुधा जाणार नाही. आत्याला विचारून ठरवणार का, असं परवा वहिनींनी विचारलंच. नाही. ठरलं की तिला फोन करून कळवीन. गाडीचं तिकीटही काढून देईन.