‘ड्रॅक्युला’ गटात वाचताना

आज नाशिकच्या वाचनालयातल्या आमच्या गटात ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ची (१८९७) पहिली बैठक झाली. कुणाला गटात ही कादंबरी घ्यायची असेल तर थोडं सांगतो.

प्रकरणं २७. पहिल्या बैठकीला नेमकी ४ घ्या. तिथवर फक्त जोनाथन हार्कर या तरुण इंग्रज वकिलाची रोजनिशी आहे आणि ती ३० जूनला, तो ड्रॅक्युलाच्या किल्ल्याची भिंत उतरायला निघताना तुटते. पाचवं प्रकरण मात्र मागे, ९ मेच्या पत्रावर जातं. आवाज बदलतो, वेग पडतो, आणि अनेकांचं वाचन इथेच अडतं. म्हणून वहीत तीन रकाने आखा: तारीख, लिहिणारा, ठिकाण. सातव्या प्रकरणात जहाजाची नोंदवही आली की त्याचा खरा उपयोग कळतो. धोका वाचकाला दिसतो, पात्रांना दिसत नाही. भीती तयार होते ती या फटीतच, आणि काय ताकदीने!

सहाव्यातल्या म्हाताऱ्या खलाशाची बोली अडली तर अर्थापुरती वाचा, शब्दकोश उघडत बसू नका.

पुढचे टप्पे ५ ते १६ आणि १७ ते २७. पहिला जड वाटला तर आठव्यानंतर थांबा. सिनेमांवरची चर्चा शेवटच्या बैठकीला, नाहीतर पुस्तक बाजूलाच राहतं.