पेटी महाग का, तुम्ही विचारलंत म्हणून

मार्च संपत आला की मुंबई-पुण्याहून फोन सुरू होतात. हापूस आंब्याच्या पेटीचा भाव सांगितला की पलीकडे क्षणभर कुणी बोलत नाही, आणि मग ठरलेला प्रश्न येतो: ‘दरवर्षी कसं हो तुमचं हवामानच आड येतं?’ फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून लिहितो.

हापूसच्या कलमाला मोहोर यायचा तर पाऊस वेळेवर थांबून जमीन सुकावी लागते, मुळांना ताण बसावा लागतो आणि मग रात्रीची थंडी पडावी लागते. नोव्हेंबरात पाऊस झाला की ताण मोडतो. झाड मोहोराऐवजी पालवी काढतं, आणि ती पालवी पक्की होईपर्यंत थंडी निघून जाते.

जिवाला लागतो तो पुनर्मोहोर, म्हणजे फळं धरल्यावर पुन्हा आलेला मोहोर. जानेवारीत कणी, म्हणजे कोवळी फळं, धरलेली असते, कुठे वाटाण्याएवढी, कुठे सुपारीएवढी. चार दिवस ऊन तापतं आणि पुन्हा एकदम थंडी पडते. मग फळं धरलेल्या कलमालाच नवा मोहोर फुटतो. झाडाचं अन्न तिकडे वळतं आणि आधीची फळं गळतात. नवा मोहोर दिसायला भरगच्च, पण त्यात बहुतेक नरफुलं. फळ धरणार कसं? सकाळी बागेत जावं तर कलमाखाली हिरव्या कणीचा सडा. दोन महिन्यांची राखण, तुडतुड्या किडीसाठी केलेल्या फवारण्या, सगळं पायाखाली. अशा सकाळी घरात कुणी फारसं बोलत नाही.

हवा पूर्वीही लहरी होती, हे खरं. एका वाईट वर्षावरून काही सिद्ध होत नाही, हेही खरं. पण कोळसा आणि तेल जाळून हवेतला कार्बन डायऑक्साइड आपण दहा लाख भागांत २८० वरून ४२० च्या वर नेला. त्याने अडवलेल्या उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त समुद्रांच्या पोटात गेली, आणि आमचा अरबी समुद्र त्यातलाच. समुद्र तापला की वादळांना बळ मिळतं. वादळं म्हणजे बंगालच्या उपसागराकडची, असं आम्ही म्हणायचो. २०१९ मध्ये क्यार आणि महा ही दोन चक्रीवादळं एकाच वेळी अरबी समुद्रात होती. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा झाडावर उरलेला आंबा एका दिवसात जमिनीवर आला.

उन्हाचंही तेच. दिवसाच्या सरासरी कमाल तापमानात २०२३ चा फेब्रुवारी देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण ठरला. आमच्या बागा कातळावर. कातळ तापला की त्याची धग फळाला बसते आणि आत साका होतो. वरून आंबा पिवळाधमक, कापला की बाठ्याजवळचा गर पांढरट, आंबट, भुसभुशीत. तुमच्या घरी असा आंबा निघतो तेव्हा मला खरोखर लाज वाटते, पण बाहेरून तो मलाही ओळखता येत नाही.

म्हणून भाव चढतो. फवारणी, औषध, मजुरी, राखण यांचा खर्च तेवढाच किंवा वाढलेला, आणि तो वाटायला पेट्या कमी.

यंदा पहिला मोहोर गेला. दुसऱ्यातलं जे काही थोडं फळ धरलं, ते मेच्या दुसऱ्या आठवड्यात तयार होईल. तुमच्या दोन पेट्या त्यातून ठेवतो. मध्ये पाऊस झाला तर आधी फोन करीन.