आमची वाटचाल: डिस्क बदलण्यापासून डिस्क मोजण्यापर्यंत

रत्नागिरीत आमच्या फर्मचं काम सुरू झालं ते संगणक दुरुस्तीने. आंब्याची पॅकिंग हाऊसेस, बर्फाचे कारखाने, पतसंस्था ही आमची गिऱ्हाइकं. सर्व्हर अडला की मागणी एकच असे: डिस्क भरली, मोठी टाका. आज आमचं बरंचसं उत्पन्न आहे ती डिस्क मोजून, आवरून देण्यातून येतं. ऐन हंगामात बिलिंग थांबलं की भरलेल्या पेट्या अडकतात, म्हणून तपासणीला क्रम लावला आणि तो आम्ही मोडत नाही.

लिनक्सवर आधी ‘डीएफ -एच’, म्हणजे कोणत्या डिस्कवर किती जागा भरली, किती उरली. जागा शिल्लक दिसूनही ‘जागा नाही’ असा संदेश येत असेल तर ‘डीएफ -आय’. बारीक बारीक फायलींनी आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपलेले असतात. मग कोणतं फोल्डर किती जागा खातं ते पाहायला ‘डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच’. त्यातला एक्स गाळला तर जोडलेल्या इतर डिस्कही मोजल्या जातात.

डीएफ आणि डीयूचे आकडे जुळेनात की खरं काम सुरू होतं. कधी खोडलेली फाइल एखाद्या प्रोग्रामने उघडी धरलेली असते. ‘एलएसओएफ +एल१’ ती दाखवतं (एल कॅपिटल). ती सेवा रीस्टार्ट केली की जागा सुटते. दुसरं कारण आपल्याकडे पावसाळ्यात जास्त. वीज जाते-येते, बॅकअपची यूएसबी डिस्क पुन्हा माउंट होत नाही, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडली जात नाही. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) असल्याने सर्व्हर निमूट सुरू होतो आणि रात्री बॅकअप उतरवणारा आरसिंक ‘/एमएनटी/बॅकअप’ या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मूळ डिस्कवरच, सगळं ओततो. सकाळी कुणी डिस्क जोडली की त्या फायली तिच्याखाली झाकल्या जातात आणि डीयूला दिसत नाहीत. अशा वेळी रिकामं फोल्डर करून ‘माउंट --बाइंड / /एमएनटी/मूळ’ द्यावं, म्हणजे झाकलेल्या फायलींसह मूळ डिस्क तिथे दिसते, आणि तिथे डीयू चालवावं. सापडलेलं लगेच खोडू नये. त्या रात्रीचा तो एकमेव बॅकअप असू शकतो. आधी खऱ्या डिस्कवर उतरवावा. आमच्या प्रत्येक बॅकअप स्क्रिप्टची पहिली ओळ आता ‘माउंटपॉइंट -क्यू’ आहे. डिस्क नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

साफसफाईत ‘एपीटी क्लीन’ (उतरवून ठेवलेली पॅकेजेस काढतं) आणि ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम’ (सिस्टिमचे जुने लॉग छाटतं) सहसा बिनधोक. मायएसक्यूएल या डेटाबेसचे बायनरी लॉग (बदलांच्या नोंदींच्या फायली) मात्र फायली खोडणाऱ्या आरएमने काढू नयेत, इंडेक्स फायलीत त्यांची नावं तशीच राहतात. त्यासाठी ‘पर्ज बायनरी लॉग्ज’ आहे. मायएसक्यूएल ८.० मध्ये ते मुळात ३० दिवस साठतात; रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर चालू प्रत) नसेल आणि रोजचा बॅकअप तपासला जात असेल तर पेढीला ७ पुरतात.

ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टिम रूटसाठी, म्हणजे मुख्य प्रशासकासाठी, ५ टक्के जागा राखून ठेवते. निव्वळ डेटाच्या १ टीबी डिस्कवर ‘ट्यून२एफएस -एम १’ ने सुमारे ४० जीबी मोकळी होते. मूळ डिस्कवर आम्ही हे करत नाही. ती काठोकाठ भरली तर आत शिरून आवरायला तेवढीच जागा हाती उरते.

देवगड-वेंगुर्ल्याची कामं एसएसएचवरून, म्हणजे इथूनच सर्व्हरमध्ये शिरून, होतात. ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन दर तासाला डीएफ पाहतो, ८० टक्क्यांवर संदेश पाठवतो, आणि फेब्रुवारीत, आंब्याची गडबड सुरू होण्याआधी, हा सगळा क्रम प्रत्येक सर्व्हरवर एकदा पुरा चालवला जातो.