विचार करत होतीस की घाबरली होतीस?

अथर्वने सहज विचारलं, पण ते संध्याकाळ झाली तरी डोक्यातून जात नाहीये. "मावशी, मगाशी तू विचार करत होतीस की घाबरली होतीस?"

तेव्हा काहीतरी बोलून त्याला गप्प केलं. पण खरंच, काय होतं ते?

मी शेअर बाजारात ऑप्शन्सचे सौदे करते. आज मंगळवार, निफ्टी निर्देशांकाची एक्स्पायरी, म्हणजे त्या आठवड्याच्या ऑप्शन्सचा शेवटचा दिवस. दुपारी दोननंतर प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, इतका बारीक झालेला असतो की निफ्टी वीस-पंचवीस पॉइंट हलला तरी कॉल (निफ्टी वर गेला की महागणारा ऑप्शन) दीडपट होतो, नाहीतर अर्धा. माझ्या कॉलला तोटा आवरणारा स्टॉप लावलेला होता. ट्रिगर 42, लिमिट 40, म्हणजे भाव 42 ला आला की विक्रीची ऑर्डर जाणार, पण 40 च्या खाली विकणार नाही. भाव 45, 43, 44, आणि एकदम 38. लिमिट ओलांडून खाली, ऑर्डर तशीच लटकलेली. मिळेल त्या भावाला आपोआप विकणारी ऑप्शन्समधली स्टॉप-लॉस मार्केट ऑर्डर राष्ट्रीय शेअर बाजाराने (एनएसईने) 2021 मध्येच बंद केली, त्यामुळे अशा वेळी ऑर्डर हाताने मॉडिफाय करूनच बाहेर पडावं लागतं. मी पडले. 36 ला. तोटा दिवसाच्या मर्यादेत राहिला, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

पण 38 आणि 36 च्या मध्ये माझा हात माउसवर नुसता ठेवलेला होता. अथर्वने नेमकं तेवढंच पाहिलं.

दुपारभर स्वतःची फार कीव आली. दिवसभर एकटीने स्क्रीनसमोर बसायचं, चुकलं-बरोबर विचारायला शेजारी कोणी नाही, घरी सांगायला गेलं तर "मग सोडून का देत नाहीस" हे ठरलेलं उत्तर. त्यात हा एकोणीस वर्षांचा मुलगा. मोबाइलवर रंग बदलला की बोट दाबायचं, असला एक खेळ त्याच्याकडे आहे. त्यात मी त्याच्या जवळपासही पोचत नाही. वाटलं, आपलं वय झालं, हे काम आता अशा पोरांचं. ताईला हे सगळं कसं सांगायचं, तो विषय तर वेगळाच.

मग चहा घेताना जरा शांतपणे विचार केला. डोळ्याने पाहून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सराव करून त्यातून किती वाचवणार? एक्स्चेंजच्याच आवारात ज्यांचे सर्व्हर ठेवलेले आहेत, त्यांच्या ऑर्डरी मायक्रोसेकंदांत जातात. म्हणजे बोटांच्या शर्यतीत अथर्वही नाही आणि मीही नाही. हे कळून बरंच हलकं वाटलं. माझा वेळ गेला तो बोटात गेला नाही. तो त्याच्या आधी कुठेतरी गेला.

पुन्हा तोच प्रश्न. विचार की भीती?

बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. माणूस स्तब्ध, नजर स्क्रीनवर. आतून मात्र फरक आहे. मी विचार करत असते तेव्हा कशाची वाट बघतेय ते सांगता येतं: "चार्टवरची पाच मिनिटांची कँडल या भावाच्या वर बंद होऊ दे, मग घेते." भीती असते तेव्हा असं वाक्यच तयार होत नाही. नुसतं "थांब, थांब" चालू असतं, कशासाठी ते माहीत नसतं.

6 जून 2025 आठवतोय. सकाळी दहाला रिझर्व्ह बँकेचं पतधोरण. बहुतेकांची अपेक्षा पाव टक्का कपातीची, आणि गव्हर्नर मल्होत्रांनी रेपो दर, म्हणजे बँकांना कर्ज देण्याचा दर, अर्धा टक्का खाली आणून 5.50 टक्के केला. हे पचतंय तोवर धोरणाचा पवित्रा बदलून तटस्थ केल्याचं सांगितलं, म्हणजे पुढच्या कपातींची आशा कमी. आणि मग सीआरआर, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायच्या रोखीचं प्रमाण, चार टप्प्यांत एक टक्क्याने कमी. एकाच भाषणात दोनदा मत बदलायला लावणाऱ्या बातम्या. त्या सकाळी मी कितीतरी वेळ हात न लावता बसले होते आणि मला जराही भीती वाटली नव्हती, कारण भाषण संपेपर्यंत काही करायचं नाही हे कागदावर आदल्या रात्रीच लिहिलेलं होतं. बँकांच्या शेअर्सच्या निर्देशांकाने, बँक निफ्टीने, त्या दिवशी नवा उच्चांक केला. सुरुवातीची उडी माझ्याशिवाय झाली, त्याचं वाईट वाटलं नाही. आजच्या 38 आणि 36 मधल्या दोन रुपयांचं मात्र वाटतंय.

कारण आज कागदावर प्रवेश होता, स्टॉप होता, पण भाव लिमिटच्या खाली उडाला तर काय, ही ओळ नव्हती. ती तिथल्या तिथे ठरवावी लागली आणि हात तेवढ्यासाठी अडला. फोडणीचं तेल तापल्यावर मोहरीचा डबा शोधायचा नसतो, हे स्वयंपाकघरात कोणी शिकवावं लागत नाही. तर अथर्वच्या प्रश्नाचं उत्तर असं की विचारच करत होते, पण तो आदल्या रात्री करायचा विचार होता. आणि भीतीही होती. थोडी. ती राहणारच बहुतेक, पैसे खरे आहेत तोवर. तिचं मला आता तितकंसं काही वाटत नाही.

एक्स्पायरीच्या दुपारी ट्रिगर आणि लिमिटमधलं अंतर दोन रुपये पुरत नाही. पुढच्या मंगळवारी सहा ठेवणार, आणि तेवढा जास्तीचा तोटा धरूनच लॉट, म्हणजे खरेदीचे ठरावीक गठ्ठे, कमी करणार. त्यापलीकडे उडी मारली तर जो भाव मिळेल तो, विचारायचं नाही. कागदावर लिहूनही टाकलं.

अथर्वला आता स्वतःचं खातं उघडायचंय. त्याला वाटतं वेग हाच सगळा मामला, आणि तो तर त्याच्याकडे आहेच. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या पाहणीत 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झालेला दिसला, पुढच्या वर्षी 91 टक्क्यांना. त्यांतल्या कितीतरी जणांची बोटं त्याच्याइतकीच चपळ असणार. आकडे मी त्याला दाखवले, त्याने मान डोलावली, पण पटलं नाही हे दिसलंच. म्हणून त्याला सांगितलंय, आधी माझ्या शेजारी बस, ऑर्डर टाकायची नाही, फक्त कशाची वाट बघतोयस ते मोठ्याने बोलायचं. माझंही तसंच ऐकायचं, आणि मी गप्प झाले की विचारायचं.

उद्या सव्वानऊच्या आधी येतो म्हणालाय.