कळंब्याच्या बांधावर ऐकलेली लेन्स

काकूंनी पिशवीतून कॅमेरा काढलाच नाही. आधी मेमरी कार्ड काउंटरवर ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, पहिलं हे ऐका. मग मी काय ते सांगतो."

मार्चचा पहिला आठवडा. कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरजवळच्या माझ्या कॅमेरा-लेन्स दुरुस्तीच्या दुकानात सकाळी अकरानंतर रस्त्याचा एवढा गोंगाट असतो, की फोनवर बोलायचं तरी मागच्या खोलीत जावं लागतं. तिथं जाऊन हेडफोन लावला. व्हिडिओत एका वाळक्या फांदीवर दयाळ बसलेला. शेपटी उभारून मोकळ्या गळ्यानं शीळ घालत होता. आणि त्या शिळेच्या खाली सतत घरघर. मधूनच ती वाढायची, टर्रर्र व्हायची, परत खाली बसायची. पलीकडच्या खोलीत कुणी शिलाई मशीन चालवतंय असं वाटावं.

काकू निवृत्त शिक्षिका. रोज पहाटे कळंबा तलावावर पक्षी बघायला जातात. लेन्स 400 मिलिमीटरपर्यंतची, जुन्या पिढीची, सेकंडहँड घेतलेली. हे रेकॉर्डिंग मागच्या एप्रिलमधलं. तेव्हाच त्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका दुकानात लेन्स दाखवली होती. तिथं कुणी ती कॅमेऱ्याला लावूनसुद्धा बघितली नाही. "स्टॅबिलायझर गेलाय, आतला काचांचा सगळा ग्रुप बदलावा लागेल," असं सांगून अठरा हजारांचा अंदाज लिहून दिला. स्टॅबिलायझर म्हणजे हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून लेन्समध्ये बसवलेलं यंत्र. काकू घरी आल्या, स्टॅबिलायझरचं बटण बंद केलं आणि परत चुकून सुरू होऊ नये म्हणून वरून चिकटपट्टी लावली. दहा महिन्यांत त्या पट्टीच्या कडा काळ्या पडल्या होत्या. आणि दहा महिने काकूंचे हातात धरून काढलेले निम्मे फोटो हललेले येत होते. वय झालं, हात कापतो, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. ते ऐकून मला खरंच वाईट वाटलं. हाताला दोष लागला, तो एका चिकटपट्टीमुळे.

पट्टी काढली, बटण सुरू केलं. माझ्याकडे एक डॉक्टरचा स्टेथोस्कोप आहे, लेन्स ऐकायला तोच वापरतो. त्याची चकती लेन्सच्या मधल्या भागावर टेकवली आणि शटर अर्धं दाबलं. टक्. मग बारीक स्स्स. बोट उचललं, साधारण दोन सेकंद गेले, पुन्हा टक्.

हे तिन्ही आवाज निरोगी लेन्सचे आहेत. आत काचांचा एक गट असा असतो, की तो वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे सरकू शकतो. काम नसतं तेव्हा त्याला मधोमध कडी लावलेली असते. शटर अर्धं दाबलं की कडी सुटते, तो पहिला टक्. मग दोन जायरो सेन्सर, एक उभ्या हालचालीसाठी, एक आडव्या, हात किती वेगानं फिरतोय ते कळवत राहतात, आणि तेवढाच तो गट उलट दिशेला ढकलला जातो. ढकलणारं यंत्र म्हणजे चुंबकासमोर बसवलेली तारेची कॉइल. आपल्या स्पीकरमध्ये असते त्याच जातीची. कॉइल आणि चुंबकानं स्पीकर वाजतो, तसा लेन्सलाही थोडा आवाज असणारच. बोट उचलल्यावर कडी परत लागते, तो शेवटचा टक्. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो काहीतरी मोडल्यासारखा वाटतो, कारण त्याच क्षणी व्ह्यूफाइंडरमधलं चित्रही थोडं उडी मारतं. लेन्स विकताना दुकानदारानं ती एकदा गिऱ्हाइकाच्या कानाला लावावी, असं माझं मत आहे. दोन मिनिटांचं काम आहे.

"काकू, हे नॉर्मल आहे," एवढं सांगून त्यांना पाठवता आलं असतं. पण कार्डातली टर्रर्र माझ्या स्टेथोस्कोपमध्ये कुठंच नव्हती. मी लेन्स उभी धरली, आडवी धरली, झूम पुढंमागं केलं. काही नाही.

बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला. तेव्हापासून इथल्या कारागिराला कुठलंही यंत्र उघडून बघायची खुमखुमी आहे, आणि मला ती जरा जास्तच होती. धंद्याला लागल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका फोटोग्राफरची अशीच आवाजाची तक्रार आली. मी लेन्स उघडली, हाच गट बाहेर काढला, साफ केला, परत बसवला. आवाज जसाच्या तसा राहिला आणि गटाचं केंद्र मात्र हललं. फोटोची एक बाजू कायमची मऊ यायला लागली. ती लेन्स स्वखर्चानं मुंबईला पाठवून सरळ करून आणली. त्या माणसानं शब्दानं दुखावलं नाही, पण परत दुकानात आला नाही. तेव्हापासून आवाज जिथं येतो तिथं तो स्वतः ऐकल्याशिवाय मी स्क्रू ढिला करत नाही.

"ट्रायपॉडवर होता का हा कॅमेरा?" मी विचारलं.

"व्हय की. एवढी जड लेन्स, दयाळ काय लवकर गप्प बसत नाही."

शंका तिथंच आली होती. टेबलावर ठेवून बघितलं, पण बाहेरून बस गेली की माझं टेबलच हलतं, त्यात काय कळणार! म्हटलं, काकू, उद्या पहाटे मी कळंब्याला येतो, तुमचा ट्रायपॉड घेऊन या.

सव्वासहाला गावातलंच संभाजीनगर ओलांडून बांधावर पोचलो. पाण्यावर धुकं होतं. मधोमध वारकरी पक्षी पोहत होते, काळेभोर, कपाळावर पांढरा टिळा. लांब कुठंतरी टिबुकली या पाणपक्ष्याचा आवाज. इतकी शांतता, की माझ्या स्वतःच्या बुटाखालचा खडा मोठ्यानं वाजला. दुकानात बसून हा आवाज का सापडणार नव्हता, ते तिथं उभं राहिल्यावर पटलं.

काकूंनी ट्रायपॉड मांडला. हलका ॲल्युमिनियमचा, पाय पूर्ण बाहेर काढलेले, मधला दांडाही वर. लेन्स चढवली, बटण सुरू केलं, शटर अर्धं दाबलं. टक्. स्स्स. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. पाच-सात सेकंद सगळं ठीक. मग समोरचा वारकरी चौकटीत आपोआप एका बाजूला सरकायला लागला, दोरी सुटलेल्या नावेसारखा. कॅमेऱ्याला कुणाचा हात लागलेला नव्हता. आणि टर्रर्र! तीच, कार्डातली.

मी ट्रायपॉडच्या पायाला तळहात लावला. पाय वाजत होता. मुंगी चावावी तशी बारीक झिणझिण तळहातात आली. मग हात उचलून लेन्सवर ठेवला, नुसता ठेवला, तर आवाज बसला. काढला, पुन्हा टर्रर्र. तीन वेळा करून बघितलं. चौथ्यांदा काकूंना करायला लावलं.

"म्हंजे हातात असताना ही गप्प बसती?" काकू म्हणाल्या.

गप्पच बसणार. ती हातासाठीच बनवलेली आहे. एसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याची पहिली स्टॅबिलायझरवाली लेन्स कॅननची, 1995 ची, 75 ते 300 मिलिमीटरची. त्या काळातल्या लेन्सना ट्रायपॉड ओळखता येत नसे. पुढं आलेल्या अनेक लेन्सना तो कळतो आणि त्या आपलं काम आवरतं घेतात. काकूंची लेन्स जुन्या वळणाची. हातावर असते तेव्हा ती हाताचा कंप खोडते. ट्रायपॉडवर खोडायला काही नसतं, पण गट हलला की त्याच्या धक्क्यानं लेन्स थरथरते, ती थरथर जायरोला कळते, तो ती खोडायला निघतो, त्यातून आणखी थरथर. भजनी मंडळाचा माइक चुकून स्पीकरसमोर गेला की कुई होते ना, तोच प्रकार. काकू ही गोष्ट एका दमात समजल्या, कारण त्यांच्या गल्लीत दर एकादशीला ती कुई होते. आणि कॅमेऱ्याचा माइक त्याच सांगाड्याला चिकटलेला, त्यामुळे कानाला जेवढं ऐकू येतं त्याच्या कितीतरी पट रेकॉर्डिंगमध्ये शिरतं.

बटण बंद केलं. एकदम शांत. सातच्या सुमारास बाभळीवर दयाळ आला, बहुतेक त्याच घराण्यातला. काकूंनी दोन मिनिटं रेकॉर्ड केलं आणि हेडफोन माझ्याकडे दिला. शीळ, मागं पाण्याचा हलकासा आवाज, आणि लांबून मोटारसायकल. बाकी काही नाही.

मग कॅमेरा ट्रायपॉडवरून काढून हातात दिला, बटण सुरू. उजेड अजून कमीच होता. 400 मिलिमीटरला हातात धरताना नियमानं शटरचा वेग निदान 1/400 सेकंद हवा, मिळत होता 1/100. हे दोन स्टॉपचं, म्हणजे चौपट वेळेचं, अंतर भरून काढायलाच हे यंत्र केलंय. काकूंनी श्वास धरून वारकऱ्याचे सात-आठ फोटो काढले. पडद्यावर मोठा करून बघितला तर त्याचा लाल डोळा आणि डोळ्यातला उजेडाचा ठिपका स्वच्छ. काकू बराच वेळ तो ठिपका बघत राहिल्या. "माझा हात काय कापत नाही म्हणायचा," एवढंच म्हणाल्या.

निघताना आणखी एक सापडलं. काकूंनी फोटो काढला आणि लगेच कॅमेरा बंद करून लेन्स काढली. मी ती कानाशी हलवली, आतून खडखड. कडी लागायच्या आतच वीज गेली, गट मोकळाच राहिला. स्कूटीवरून घरापर्यंत तो असाच आपटत जाणार. लेन्स पुन्हा चढवली, कॅमेरा सुरू केला, थांबलो, बंद केला. काढून हलवली, खडखड गेली. बोट उचलल्यावर मनात दोनपर्यंत मोजायचं, टक् ऐकायचं, मगच बंद करायचं. काकूंनी तिथंच पाच वेळा करून दाखवलं, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं.

पैसे किती म्हणाल्या. काही उघडलं नव्हतं, काही बदललं नव्हतं. पेट्रोलचे शंभर घेतले.

पंधरा दिवसांनी काकू दयाळाचा मोठा प्रिंट द्यायला आल्या, ट्रायपॉड खांद्यावरच होता. त्याच्या डोक्यावर नवी चिकटपट्टी लावलेली, आणि तिच्यावर फळ्यावर लिहावं तशा गोल अक्षरात: "इथे बसवताना बटण बंद."